आत्याच्या डीपीतली तलवार

गेल्या खंडेनवमीला सकाळी मी फॅमिली ग्रुपवर एका तलवारीचा फोटो टाकला. म्हणजे झालं असं की इकडे जर्मनीत पाटावर मांडायला शस्त्र म्हणून माझ्याकडे होतं काय तर भाजी चिरायची सुरी, एक स्क्रूड्रायव्हर आणि ऑफिसचा लॅपटॉप. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारून त्यांच्या कुंडीतला झेंडू तोडून आणला, हळदकुंकू वाहिलं, फोटो काढला तर तो इतका केविलवाणा आला की ग्रुपवर टाकायची लाज वाटली. मग गॅलरी चाळताना उन्हाळ्यात झोलिंगनला काढलेला फोटो सापडला. झोलिंगन म्हणजे आपण सोलिंगन म्हणतो ते, चाकूसुऱ्यांचं गाव, आमच्या आजोबांच्या वस्तऱ्यावर ज्याचं नाव होतं ते. तिथल्या पात्यांच्या म्युझियममध्ये, ग्रेफ्राथ नावाच्या भागात एका जुन्या मठाच्या इमारतीत आहे ते, काचेआडची एक तलवार मला फार आवडली होती. रुंद पातं, मधोमध उथळ पन्हळ, त्या पन्हळीत कोरलेली अक्षरं, खाली एक सुबक चाक, तारेनं गच्च गुंडाळलेली मूठ. फोटो टाकला, खाली लिहिलं खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा, आणि ऑफिसला पळाले.

दुपारपर्यंत बावीस जणांचे हात जोडून झाले. काकांनी लिहिलं, पोलाद बघा, आपल्याकडच्या फिरंगींची पाती तिकडूनच यायची. ते खरंच आहे, युरोपातलं पातं आणि आपली मूठ अशी तलवार म्हणजे फिरंग, आणि त्यात झोलिंगनची पाती भरपूर होती, त्यामुळे काकांना त्या दिवशी बोलायला पुष्कळ मिळालं. चुलतभावाने तीन वेळा आग लावली. आणि आत्या. आत्याने लिहिलं, अगं सुदर्शन चक्र पण कोरलंय की! आणि तासाभरात तिचा डीपी बदलला. आधी तिथे नातवाचा मुंजीतला फोटो होता, आता तलवार.

ते सुदर्शन चक्र नव्हतं.

मला कळलं त्याच आठवड्यात, घरी येताना ट्रेनमध्ये. बसायला जागा मिळाली होती, फोनवर काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून फोटो झूम करून ती अक्षरं वाचायला लागले. म्युझियममध्ये वाचली नव्हती कारण बंद व्हायला पंधरा मिनिटं उरलेली आणि दिवे मंद, जुन्या वस्तूंना उजेड सोसत नाही म्हणे. माझं जर्मन व्हिसा मिळण्यापुरतं, त्यात हे स्पेलिंग जुनं, पण हळूहळू लागलं. वान इख डास श्वेर्ट टू आउफहेबन, झो व्युन्श इख डेम आर्मन झ्युंडर डास एविगे लेबन. दोन ओळी, यमक जुळवलेलं. ही तलवार मी उचलतो तेव्हा या बिचाऱ्या पाप्याला चिरंतन जीवन लाभो अशी इच्छा करतो. बिचारा पापी, आर्मर झ्युंडर, हा त्या काळी मृत्युदंड झालेल्या माणसासाठी ठरलेलाच शब्द होता. त्याला न्यायच्या वेळी घंटा वाजवायचे तिलाही बिचाऱ्या पाप्याची घंटा म्हणत. मी पुढचा फोटो सरकवला. त्यात पातं शेवटपर्यंत आलं होतं. टोक नव्हतं. तुटलं वगैरे नव्हतं, केलंच नव्हतं, फूटपट्टी संपते तसं सरळ संपलेलं. आणि कोपऱ्यात अर्धवट आलेल्या पाटीवर एकच शब्द, रिख्टश्वेर्ट. रिख्टन म्हणजे सरळ करणे, न्याय करणे, आणि डोकं उडवणे सुद्धा. एवढ्या सगळ्याला एकच क्रियापद.

टोक नाही कारण भोसकायचंच नाही. लढाईची तलवार कुठेही घुसायला लागते, हिला एकच काम, तेही समोरच्याने प्रतिकार न करता. त्यामुळे सगळी घडण त्या एका फटक्यासाठी. पातं साधारण ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर, पाच-सहा सेंटिमीटर रुंद, दोन्ही धारा शेवटपर्यंत जवळजवळ समांतर, वजन दोन किलोच्या आसपास, मूठ दोन्ही हात मावतील एवढी लांब. खाली ओंडका बिंडका काही नसायचा, तो कुऱ्हाडीसाठी. इथे माणूस गुडघ्यावर नाहीतर चक्क खुर्चीवर बसलेला, मान ताठ, आणि वार आडवा, मागून. म्हणजे मान दोन मणक्यांच्या मधून सापडली पाहिजे आणि बसलेला माणूस थरथरतोय, रडतोय, मधेच मान वळवतोय. नेम चुकला की दुसरा वार, तोही चुकला की जमलेली गर्दी उलटायची, दगड यायचे ते मारेकऱ्यावरच. मारेकरी लिहिलं खरं पण तो शब्दही बसत नाही. जल्लाद म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उघडाबंब, मिशाळ, सिनेमातला माणूस येतो. हा तसा नसायचा, हा नगरपालिकेचा पगारी माणूस असायचा.

आणि ते चाक. फाशीपेक्षा, तलवारीपेक्षा भयंकर शिक्षा चाकाची होती. खरोखरचं गाडीचं जड चाक घ्यायचं आणि माणसाला जमिनीवर बांधून एकेक हाड मोडायचं, मग ते शरीर आऱ्यांतून ओवून खांबावर उंच लावायचं, कावळ्यांना. या तलवारींवर एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला फाशीचा खांब, असं बऱ्याचदा कोरलेलं असतं. कुठे हातात तराजू घेतलेली न्यायदेवता, कुठे क्रुसावरचा येशू, कुठे मेरी, कुठे सोली डेओ ग्लोरिया, म्हणजे गौरव फक्त देवाचा. झोलिंगनच्या पात्यांवर पुष्कळदा एक धावता लांडगाही असतो. मुळात ती पासाउ गावाची खूण, पण नाव झालेलं म्हणून झोलिंगनवाल्यांनीही उचलली. तो लांडगा इतका धसमुसळा कोरलेला असतो की चारपाच रेघोट्या आणि हा घ्या लांडगा. तो बघून हसू येतं. बाकीचं काम मात्र बारीक, निवांत बसून केलेलं. कुणीतरी दिव्याजवळ वाकून ते चाकाचे आरे मोजून सारख्या अंतरावर आणलेत. आत्याला ते सुदर्शन वाटलं यात तिची काही चूक नाही, चाक सुंदरच आहे.

मला टोचत राहिलं ते वेगळंच. हे वाचायचं कुणी? बसलेल्या माणसाच्या मागून वार होणार, शिवाय त्याचे डोळे बहुतेक वेळा बांधलेले, त्याला दिसणार नाही. गर्दी लांब, तिथून पात्याची चमक दिसेल, अक्षरं नाही, आणि गर्दीतल्या कितीजणांना वाचता येत होतं तो प्रश्न आहेच. न्यायाधीश लोक त्यांच्या जागी. म्हणजे तलवार उचलताना ती ओळ ज्याच्या डोळ्यांसमोरून जाते असा एकच माणूस उरतो. आणि ओळही मी मी म्हणतेय. मी उचलतो, मी इच्छा करतो. दुसरी एक ओळ अशा तलवारींवर सापडते, तिच्यात तर हे अजून उघड आहे, डी हेरेन श्टॉयर्न डेम उनहाइल, इख एक्झेक्वीरे इर उर्टाइल. मालक लोक अनर्थ आवरतात, मी त्यांच्या निकालाची बजावणी करतो. उनहाइल, उर्टाइल, पुन्हा यमक. मला असं वाटत राहिलं की हे त्याने स्वतःलाच लिहून ठेवलेलं पत्र आहे. दर वेळी उचलायच्या आधी वाचायचं.

बजावणी या शब्दापाशी माझी ट्रेन येऊन थांबली, म्हणजे खरीखुरी पण आणि तशी पण.

माझे आजोबा बेलीफ होते. तालुक्याच्या कोर्टात, दिवाणीकडे. समन्स बजावायचं, नोटीस डकवायची, जप्ती, कब्जा. घरात लहानपणापासून शब्द ऐकलेला तो बजावणीच. कुणी निकाल मिळवला आणि हरलेल्याने पैसे दिले नाहीत की दरखास्त लागायची, वॉरंट निघायचं आणि आजोबा पट्टा आडवा घालून, त्यावरचा पितळी बिल्ला चिंचेने घासून लख्ख केलेला, काखेत चामडी पिशवी, असे एसटीने त्या गावाला जायचे. खंडेनवमीला तो बिल्ला आणि ती पिशवी पाटावर असायची. शेजारी आजोबांचा सोलिंगनचा वस्तरा, आजीची विळी, काकांचं कंपासपेटीतलं कर्कटक. आजी विळीला कुंकू लावायची, वस्तऱ्याला लावायची, बिल्ल्याला लावताना मात्र जरा थांबायची, मग करंगळीने अगदी टिकलीएवढं लावायची. हे मी बघितलंय. विचारलं कधी नाही.

आजोबा मवाळ होते. गावात मात्र बेलीफ आला म्हटलं की दारं लागायची. बाजारात लोक बोलायचे, चहा पाजायचे, पण थोडं अंतर ठेवून, जसं डॉक्टर घरी जेवायला आला की आपण उगाच खोकला दाबतो तसं. आणि आजोबांचा एक नियम होता, जप्तीला गेलेल्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. कायद्याने स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण, कारागिराची हत्यारं, बाईचं मंगळसूत्र असल्या गोष्टी जप्त करता येत नाहीत, ते त्यांना तोंडपाठ, आणि हे तोंडपाठ असल्याचा त्यांना अभिमान होता. कुणी शिव्या घातल्या की म्हणायचे, हुकूम साहेबांचा आहे, मी फक्त बजावतो. मी फक्त बजावतो. लहानपणी मला ते वाक्य ऐटबाज वाटायचं.

मी राहते न्यूर्नबर्गजवळ, त्यामुळे यानंतरच्या एका रविवारी मुद्दाम हेंकरश्टेगवर गेले. हेंकर म्हणजे फाशी देणारा, श्टेग म्हणजे साकव. पेग्निट्स नदीवरचा लाकडी, वर छप्पर असलेला पूल, कडेला भलीमोठी विलो पाण्यात फांद्या सोडून बसलेली, आणि प्रत्येक टूरिस्ट तिथे फोटो काढतो. मीही आधी दहा वेळा काढलाय. त्या पुलाला लागून हेंकरचं घर. नदीच्या वर, म्हणजे ना या काठाला ना त्या काठाला, शहरात असून वेगळं. त्या घरात फ्रान्झ श्मिट राहायचा. हा १५७३ पासून १६१७ पर्यंत हे काम करत होता, आधी बांबेर्गच्या बिशपकडे, १५७८ पासून न्यूर्नबर्गला, ३९४ माणसं त्याच्या हातून गेली आणि याने सगळ्यांची नोंद ठेवली. तारीख, नाव, गाव, गुन्हा, शिक्षा. वहीच ठेवली म्हणा ना. दारूला शिवायचा नाही, त्या काळात त्या धंद्यात हे फारच जगावेगळं, कारण हात आणि मन दोन्ही बधिर करायला बाकीचे पीतच असत.

त्याचा बाप हाइनरिश, तो काही या धंद्यातला नव्हता. होफ गावात तिथल्या राजाला, आल्ब्रेश्ट आल्किबियाडेस त्याचं नाव, तीन माणसांना लटकवायचं होतं आणि हाताशी जल्लाद नव्हता. त्याने गर्दीतल्या हाइनरिशकडे बोट दाखवलं, तू कर. नाही म्हणायची सोय नव्हती. केलं. आणि त्या एका दुपारनंतर तो आणि त्याची मुलं आणि त्यांची मुलं कायमची बाटली. कुठल्या कारागीर संघात प्रवेश नाही, कुणी लेक देणार नाही, दारूच्या गुत्त्यात वेगळं बसायचं, हात लागला तर समोरच्याची अब्रू जायची. जर्मनमध्ये त्यांना उनएरलिश म्हणत, मान नसलेले. पोराने मग दुसरं करायचं काय, तेच केलं. हे वाचताना आपल्याकडचं काय काय आठवतं ते मी वेगळं सांगायला नको, फक्त इतकंच की तिथे ज्याच्याशिवाय शहराचं पान हलत नव्हतं त्याच्याच सावलीला लोक घाबरत. आणि दिवसा तोंड फिरवणारे तेच लोक रात्री मोडलेला हात घेऊन त्याच्या दारात. हाडं, सांधे, जखमा यातलं त्याला कळायचं, कळणारच. आपण १५,००० वर माणसं बरी केली असं त्याने म्हातारपणी लिहिलंय. ते लिहिलं बादशहाला, दुसऱ्या फर्डिनांडला, १६२४ साली, केलेल्या अर्जात. अर्ज कशासाठी, तर घराण्याचा मान परत द्या. मिळाला.

याच श्मिटने १५८० मध्ये आणखी एक गोष्ट केली जी मला नीट गिळता येत नाही. तोवर न्यूर्नबर्गात तान्ह्या मुलाला मारलेल्या बायकांना पोत्यात घालून नदीत बुडवत. त्याने पुढाकार घेऊन ते बंद करवलं आणि त्या बायकांना तलवार मिळू लागली. मिळू लागली हेच क्रियापद, कारण तलवार म्हणजे सवलत, ते मानाचं मरण, सरदारदरकदारांचं. दोराने लटकणं बदनामीचं. नातेवाईक अर्ज करायचे की आमच्या माणसाला फाशी नको, तलवार द्या. म्हणजे या पात्यावर जे चाक आणि जो फाशीचा खांब कोरलाय तो एका अर्थी यादी आहे, हे तुला होऊ शकलं असतं, त्याऐवजी मी आलेय. दया म्हणावी का याला? मला माहीत नाही. तलवार सुंदर का केली हे मात्र थोडं कळतं.

डोकं पडलं की न्यूर्नबर्गात तो न्यायसभेच्या माणसाकडे वळून विचारायचा, मी बरोबर केलं ना? आणि तिकडून ठरलेलं उत्तर यायचं की निकाल आणि कायदा सांगतो तसं तू केलंस. प्रत्येक वेळी. मला वाटतं काम त्या उत्तरानंतर संपायचं, वारानंतर नाही. आजोबा परत आल्यावर रात्री कंदिलाजवळ बजावणी रिपोर्ट लिहीत बसायचे, मोडीच्या वळणाचं सुंदर बाळबोध अक्षर, आणि त्यांच्या स्वतःच्या खासगी डायरीच्या प्रत्येक पानावर वर मध्यभागी श्री. जप्तीच्या पानावरही श्री. ती डायरी अजून काकांकडे ट्रंकेत आहे. त्या श्रीची वेलांटी ते इतकी डौलात काढायचे की शेपटी पार समासापर्यंत यायची.

आता मोठा प्रश्न, आत्याला सांगायचं का. दोन महिने सांगितलं नाही. दर सकाळी ती गुडमॉर्निंगचं गुलाब पाठवायची आणि गुलाबाशेजारी छोट्या गोलात ती तलवार. इकडच्या लोककथांत अशी तलवार कपाटात स्वतःहून हलते, खणखणते, तिच्याखाली ज्याचं मरण लिहिलंय तो खोलीत आला की. मला आपलं फोन वाजला की तेच आठवायचं. शेवटी डिसेंबरात, बाहेर चारलाच अंधार, मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. चाक, खांब, बिचारा पापी, सगळं. मला वाटलं होतं ती अगंबाई म्हणेल आणि डीपी उडवेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ते परत म्हण, काय लिहिलंय त्यावर. मी मराठीत सांगितलं. म्हणाली, लिहून ठेवलं होतं होय. मग म्हणाली, तुला रेडिओचं सांगितलंय का मी?

ती नऊ-दहा वर्षांची होती. आजोबा तिला सुट्टीत मामाकडे सोडायला निघाले होते, वाटेत एका गावी एक काम उरकायचं होतं. ते काम म्हणजे जप्ती. हिला ओट्यावर बसवून ठेवलं. आत दोन पंच, आजोबा, आणि घरातली बाई, नवरा कुठे गायब. घरात घेण्यासारखं काही नव्हतंच, एक सायकल आणि एक रेडिओ. रेडिओवर क्रोशाचं कव्हर, पांढरं, कडेला लाल दोऱ्याची नक्षी, मधे पोपट. आजोबा म्हणाले, बाई, कव्हर काढून घ्या, ते तुमचं. त्या बाईने कव्हर काढलं, दारात येऊन झटकलं, आत्याच्या अंगावर धूळ उडाली म्हणे, आणि परत जाऊन रेडिओवर घातलं. नीट, चारी कोपरे ओढून. म्हणाली, राहू दे, धूळ बसते त्याच्यावर. आजोबांनी खाली बसून पंचनामा लिहिला, रेडिओ एक, चालू स्थितीत, विणलेल्या कव्हरसह. पंचांपैकी एकजण म्हणाला, कव्हर कशाला लिहिताय, त्याचे काय येणार. आजोबा म्हणाले, लिहिलं नाही तर हरवेल.

मग एसटीत आजोबा पूर्णवेळ खिडकीबाहेर बघत होते. आत्याला तहान लागली होती, पण त्या घरी त्यांनी तिलाही पाणी मागू दिलं नव्हतं.

मी विचारलं, मग मिळाला का गं रेडिओ परत त्यांना? पैसे भरले का?

ते आपल्याला कुठलं कळायला, आत्या म्हणाली, बाबा म्हणायचे ना, बजावणी झाली की आपलं काम संपलं. आणि मग जरा वेळाने, कव्हर मात्र फार छान होतं गं, तसला पोपट मी पुढे दोनदा विणायचा प्रयत्न केला, चोच जमली नाही.

डीपी अजून तोच आहे.